फॉस्फेट बसला की प्रथिन डीएनए सोडतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात पदव्युत्तर वर्गांना पेशीशास्त्र शिकवतो. परीक्षा जवळ आली की कोरेगाव, वाई, लोणंदकडून येणारी मुलं एसटीतूनच फोन लावतात, आणि निम्मं उत्तर रेंज जाते तिथे गळतं. म्हणून नेहमीचे प्रश्न इथं एकदा लिहून ठेवतोय. 'फॉस्फेट लागला की डीएनए सुटतो' हे वाक्य बहुतेकांच्या वहीत असतं. ते खोडू नका. पण त्याच्या बाजूला पेन्सिलीनं 'कुठे, किती, कधी' एवढं लिहा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

फॉस्फोरिलेशनमध्ये नेमकं काय होतं?

एटीपी हा पेशीचा ऊर्जा पुरवणारा रेणू. त्याच्या टोकाचा फॉस्फेट निघतो आणि प्रथिनातल्या एखाद्या सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या अमिनो आम्लावर जाऊन बसतो. बसवणारं विकर कायनेज, काढणारं फॉस्फेटेज. दोन्ही सतत कामावर असतात, त्यामुळे ही खूण पाटीवरच्या खडूसारखी असते, लिहिली की पुसता येते. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५० च्या दशकात स्नायूतलं ग्लायकोजेन तोडणाऱ्या विकरावर ही चालू-बंदची युक्ती दाखवली आणि १९९२ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. गुणसूत्रांवरचं काम नंतरचं.

डीएनए ऋणप्रभारित, फॉस्फेटही ऋणप्रभारित. एकमेकांना ढकलणार. विषय संपला ना?

इथंच सुरू होतो. हिशेब आधी करू. डीएनएच्या प्रत्येक न्यूक्लिओटाइडमागे एक ऋणप्रभार. हिस्टोन म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो ती प्रथिनं. त्यांतल्या लायसीन आणि आर्जिनीन या अमिनो आम्लांवर प्रत्येकी एक धनप्रभार. प्रथिनावर बसलेल्या फॉस्फेटवर मात्र पेशीतल्या सामूला जवळजवळ दोन ऋणप्रभार असतात. म्हणजे एक फॉस्फेट साधारण दोन लायसीनांची कमाई खातो. इथवर तुमचं बरोबर.

आता बारकावा. डीएनए पेशीत उघडा पडलेला नसतो. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियमचे आयन त्याला चिकटून गर्दी करून असतात. लायसीनांची रांग येऊन बसली की त्यातले बरेच आयन मोकळे होतात, आणि बंध जमण्यामागचा मोठा लाभ या मोकळं होण्यातून, म्हणजे एन्ट्रॉपीतून येतो. म्हणूनच मीठ वाढवलं की हिस्टोन सुटतात. दुसरं असं, की फॉस्फेट फक्त डीएनएला ढकलत नाही. हिस्टोनचा जो सैल, लोंबता भाग बाहेर आलेला असतो त्याला शेपटी म्हणतात. फॉस्फेट त्याच शेपटीतल्या शेजारच्या लायसीनला स्वतःकडे ओढून घेतो. घरातल्याच माणसाशी बोलण्यात गुंतलेला लायसीन मग दारात आलेल्या डीएनएच्या कामाचा राहत नाही. परिणाम एकच दिसतो, पकड सैल. पण कारणं दोन आहेत, आणि कुठलं कारण किती जोरात चालेल हे फॉस्फेट कोणाच्या शेजारी बसलाय यावर ठरतं.

'गुणसूत्री प्रथिनं' म्हटलं की कोणती धरायची?

गाभ्याचे चार हिस्टोन (एच२ए, एच२बी, एच३, एच४), जोडणारा एच१, एचएमजी प्रथिनं, शुक्रपेशीतली प्रोटामिनं, आणि कोहेसिन-कंडेन्सिनसारखी मोठी कडी. चारही हिस्टोन प्रत्येकी दोन, असा आठांचा गठ्ठा, आणि त्याभोवती सुमारे १४७ बेसजोड्या पावणेदोन वेढ्यांच्या आसपास. हे न्यूक्लिओसोम. त्याची बारीक रचना १९९७ मध्ये स्फटिकावरून दिसली. डीएनए त्या गठ्ठ्याला १४ ठिकाणी टेकतो. हा १४ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एच१ चं उदाहरण सगळीकडे का देतात?

कारण तिथं गोष्ट सगळ्यात स्वच्छ दिसते. एच१ न्यूक्लिओसोममध्ये डीएनए आत येतो आणि बाहेर पडतो त्या तोंडाशी बसतो. मधला भाग गोळीसारखा घडी घातलेला, आणि मागे सुमारे शंभर अमिनो आम्लांची शेपटी, लायसीनांनी नुसती खच्चून भरलेली. या शेपटीत सेरीन किंवा थ्रिओनीन, मग प्रोलीन, मग आणखी एखादं, मग लायसीन असा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. सायक्लिन नावाच्या प्रथिनांच्या जोरावर चालणारी कायनेजं, सीडीके, नेमकी हीच ओळ वाचतात. म्हणजे जिथं डीएनएची पकड आहे तिथंच कायनेजची बैठक. जागा अशी निवडली गेलीय की एक बसला तर दुसऱ्याची अडचण व्हावी.

जिवंत पेशीत एच१ ला चमकणारं प्रथिन जोडून पाहिलं, तेव्हा तो डीएनएवर कायमचा खिळलेला नसून काही मिनिटांत उठतो आणि दुसरीकडे बसतो असं २००० साली दिसलं. गाभ्याचे हिस्टोन त्या मानानं तासन्‌तास हलत नाहीत. सीडीके२ चं काम चालू असेल तर एच१ ची ही उठबस वाढते. म्हणजे आधीच सैल बसलेल्या माणसाला फॉस्फेट थोडा आणखी अस्वस्थ करतो, त्याला हाकलून देत नाही. 'सुटतो' आणि 'लवकर लवकर सुटतो-बसतो' यातला फरक परीक्षेत कोणी विचारत नाही, पण विचारायला हवा.

मला सगळ्यात आवडतो तो टेट्राहायमेनाचा प्रयोग. हा डबक्यातला एकपेशीय जीव. १९९९ मध्ये गोरोव्स्की यांच्या प्रयोगशाळेनं त्याच्या एच१ मधल्या फॉस्फेट बसणाऱ्या पाचही जागा बदलून तिथं ग्लुटामिक आम्ल घातलं, म्हणजे कायमचा ऋणप्रभार. या जीवात काही जनुकांचं वागणं एच१ अजिबात नसल्यासारखं झालं. पुढे त्यांनी असंही दाखवलं, की प्रभाराचा डाग त्या भागात असणं महत्त्वाचं, नेमक्या कुठल्या जागेवर आहे ते तितकंसं नाही. म्हणजे एच१ मध्ये जवळजवळ निव्वळ विजेचा खेळ आहे. पण हे एच१ चं, तेही या जीवातलं. हेच सूत्र एच३ ला लावलंत की फसलात.

मग पेशीविभाजनात एच१ वर सर्वांत जास्त फॉस्फेट असतात, तेव्हाच गुणसूत्रं सर्वांत घट्ट कशी?

दरवर्षी एक तरी मुलगी हा प्रश्न विचारते आणि मला वर्गात बरं वाटतं. विरोधाभास खरा आहे. विभाजन चालू नसताना एका एच१ वर थोडेच फॉस्फेट असतात, मध्यावस्थेत (मेटाफेजमध्ये) ते पाच-सहापर्यंत जातात. साध्या हिशेबानं त्या वेळी गुणसूत्रं उसवायला हवीत.

पहिली गोष्ट, घट्ट होण्याचं काम एच१ एकट्याकडे नाहीच. बेडकाच्या अंड्याच्या अर्कातून एच१ काढून टाकला तरी गुणसूत्रं जमतात. फरक इतकाच, की ती लांबट होतात आणि एकमेकांत गुंततात. मुख्य ओढकाम कंडेन्सिनचं. हे कड्यासारखं प्रथिन डीएनएचे फास बनवत जातं, आणि त्याला विभाजनाच्या वेळी कामाला लावणारं कायनेज तेच, सीडीके१. म्हणजे एकच कायनेज एका हातानं एच१ ची पकड ढिली करतं आणि दुसऱ्या हातानं कंडेन्सिनला जुंपतं. मोळी नव्यानं आवळायची तर जुनी गाठ आधी सोडावी लागते. उसाच्या फडात उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट मॅग्नेशियमची. पेशीतलं बरंचसं मॅग्नेशियम एटीपीला धरून असतं. २०१८ मध्ये जपानच्या माएशिमा यांच्या गटानं दाखवलं, की विभाजनाच्या वेळी एटीपीशी बांधलेलं मॅग्नेशियम काही काळ सुटतं आणि मोकळ्या आयनांचं प्रमाण वाढतं. दोन धनप्रभारांचा हा आयन डीएनएचे ऋणप्रभार झाकतो. गाभ्याच्या हिस्टोनांचे धनप्रभार डीएनएला पुरे पडत नाहीतच. उरलेली बाकी एच१, मॅग्नेशियम आणि पॉलिअमिनं (अनेक धनप्रभार असलेले छोटे रेणू) मिळून भागवतात.

तिसरी गोष्ट, शेपटीवर फॉस्फेट पुरेपूर चढले की ती नुसती सैल लोंबत नाही. डीएनएवर असताना तिची घडीच बदलते आणि बीटा स्वरूपाचा भाग वाढतो. थोडे फॉस्फेट आणि पुरते फॉस्फेट यांचा परिणाम एकाच सरळ रेषेवर मोजायचा नाही तो यामुळे.

एच३ च्या दहाव्या सेरीनचं काय? ती तर गुणसूत्र घट्ट झाल्याची खूण म्हणतात.

खूण आहे, कारण आहे की नाही ते जीवागणिक बदलतं. टेट्राहायमेनात ती सेरीन बदलली तर गुणसूत्रं नीट जमत नाहीत आणि वाटणी बिघडते. यीस्टमध्ये बदलली तर पेशीला फारसं काही वाटत नाही.

ही सेरीन एच३ च्या शेपटीवर आहे, गाभ्यापासून लांब. तिच्यावर ऑरोरा बी हे कायनेज फॉस्फेट ठेवतं. तिच्या अगदी शेजारी, नवव्या जागेवर, लायसीन आहे. त्या लायसीनवर मिथिल गट असले की एचपी१ नावाचं प्रथिन तिथं येऊन बसतं आणि गुणसूत्राचा तो भाग बंद ठेवतं. दहाव्या जागेवर फॉस्फेट आला की एचपी१ ला बसता येत नाही, ते उठतं. मिथिल गट तसेच राहतात. पुढे फॉस्फेट निघाला की एचपी१ परत येतं. २००५ मध्ये दोन गटांनी हे दाखवलं. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी, मध्ये कोणी पिशवी ठेवावी, पिशवी उचलली की मूळ माणूस येऊन बसावा, तसं. इथं फॉस्फेटनं शेपटीची डीएनएवरची पकड किती बदलली हा मुद्दा दुय्यम. शेजाऱ्याची बैठक उठली हा मुख्य.

यीस्टमध्ये आणखी एक वळण दिसलं. या फॉस्फेटमुळे एक डीअसिटायलेज तिथं येतं, ते एच४ च्या शेपटीवरचा असिटिल गट काढतं, आणि मोकळी झालेली ती शेपटी शेजारच्या न्यूक्लिओसोमच्या एच२ए ला धरते. ऋणप्रभार वाढवून शेवटी जवळीक वाढली! नुसत्या ढकलाढकलीच्या सूत्रात हे कधीच सापडलं नसतं.

फॉस्फेट गाभ्यातच, डीएनएखाली बसला तर?

तर मामला सरळ होतो. मघाचे १४ टेकू आठवा. एच३ ची ११८ वी थ्रिओनीन न्यूक्लिओसोमच्या मधोमध डीएनएखाली येते. तिथं फॉस्फेट बसवून प्रयोगशाळेत न्यूक्लिओसोम बांधले, तर डीएनएची पकड कमी होते आणि गठ्ठा डीएनएवर सहज सरकतो. शेपटीवरचा फॉस्फेट आणि टेकूखालचा फॉस्फेट यांना एकाच नावानं हाक मारतो म्हणून गोंधळ होतो.

एचएमजी प्रथिनांना दोन ओळींत उरकलं तर चालेल?

परीक्षेत चालेल. एचएमजीए हे डीएनएच्या अरुंद खाचेत, ए-टी जास्त असलेल्या ठिकाणी, आकड्यासारखं अडकतं. आकड्याच्या टोकाशी सीडीकेनं फॉस्फेट ठेवला की पकड कितीतरी पटींनी उतरते. एचएमजीएनमध्ये न्यूक्लिओसोमला धरणाऱ्या भागातल्या सेरीनांवर विभाजनाच्या वेळी फॉस्फेट येतो आणि ते गुणसूत्रांवरून उतरतं.

फॉस्फेट काढल्यामुळे पकड घट्ट झाली, असं उदाहरण आहे का?

आहे, आणि जुनं आहे. प्रोटामिन मीशर यांनी १८७४ मध्ये ऱ्हाईन नदीच्या सामन माशाच्या शुक्रपेशींत शोधलं. शुक्रपेशी तयार होताना बरेचसे हिस्टोन जातात आणि आर्जिनीननं भरलेली प्रोटामिनं येतात. नवं प्रोटामिन तयार होताच त्यावर फॉस्फेट चढवले जातात, आणि डीएनएवर जागा घेतल्यानंतर ते उतरवले जातात. का? इतकं धनप्रभारित प्रथिन थेट सोडलं तर जिथं सापडेल तिथं चिकटून बसेल. फॉस्फेट असेपर्यंत ते जरा सरकत, चुकत, सुधारत बसतं. मग फॉस्फेट काढून गाठ पक्की. गवंडी वीट आधी ओल्या मालात हलवून ओळंब्यात घेतो, माल नंतर धरतो.

समुद्री अर्चिनच्या शुक्रपेशीतही हीच चाल आहे, पण प्रोटामिनाशिवाय. तिथले एच१ आणि एच२बी यांना सेरीन-प्रोलीन-लायसीन-लायसीन अशा तुकड्यांची लांब शेपूट असते. शुक्रपेशी घडताना त्यावर फॉस्फेट, शेवटच्या टप्प्यात तो साफ, आणि केंद्रक आवळलं जातं. अंड्यात शिरल्यावर फॉस्फेट पुन्हा चढतो.

गॅमा-एच२एएक्समुळे डीएनए सुटतो का?

नाही. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की एच२एएक्सच्या १३९ व्या सेरीनवर फॉस्फेट येतो, हे १९९८ मध्ये कळलं. तो शेपटीच्या टोकाला आहे. दुरुस्तीची प्रथिनं त्याला ओळखून येतात. रस्त्यात खड्डा असल्याची लाल फांदी, एवढंच त्याचं काम.

फॉस्फेटमुळे थेट डीएनएची पकड वाढते, असं कधी घडतं का?

हिस्टोनांत क्वचित. जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनांत सापडतं. पी५३ च्या टोकाशी ३९२ व्या सेरीनवर फॉस्फेट आला की विशिष्ट ओळीवरची पकड वाढल्याचं दिसलंय. उलट सीआरईबीच्या १३३ व्या सेरीनवरच्या फॉस्फेटचं मुख्य काम डीएनएला धरणं नसून सीबीपी या सोबत्याला बोलावणं आहे. कोहेसिन तिसऱ्याच तऱ्हेचं. ते डीएनएला चिकटत नाही, त्याभोवती बांगडीसारखं असतं. फॉस्फेट मिळाला की बांगडी उघडायला मदत होते. तिथं प्रभाराचा हिशेब मांडत बसू नका.

हे प्रयोगात कसं तपासतात? जेल शिफ्ट करून लगेच उत्तर मिळतं का?

लगेच मिळतं, आणि म्हणूनच चुकीचं मिळू शकतं. पद्धत सोपी. डीएनएचा तुकडा आणि प्रथिन एकत्र करायचं, पातळ पॉलिअॅक्रिलमाइडच्या जेलवर थंडीत चालवायचं. एकटा डीएनए पुढे पळतो, प्रथिन धरलेला मागे राहतो. प्रथिन वाढवत जायचं आणि पट्टा कधी मागे सरकतो ते बघायचं.

माझी स्वतःची फजिती सांगतो. संशोधन करत होतो त्या दिवसांत मी एच१ वर कायनेजनं फॉस्फेट चढवला आणि जेल चालवलं. साध्या एच१ ला जितकं पुरलं त्याच्या तिप्पट लागलं. मी हरखलो, जेलचा फोटो घेऊन माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे गेलो. त्यांनी फोटो उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "अरे, आता हेच सगळं एटीपी न घालता कर." केलं. फोटो जवळजवळ तसाच आला! कायनेजच्या मिश्रणातून आलेलं मीठ प्रथिनाबरोबर जेलच्या मिश्रणात जात होतं, आणि पकड मिठानं ढिली होत होती. फॉस्फेटचा त्यात हात थोडाच. दोन आठवडे गेले. प्रथिन डायलिसिसनं धुऊन दोन्हीकडे मीठ सारखं केलं, तेव्हा फरक उरला, पण तिपटीचा नाही.

त्यामुळे माझ्याकडे प्रकल्पाला येणाऱ्यांना तीन नळ्या सक्तीच्या आहेत: कायनेज आहे पण एटीपी नाही, एटीपी आहे पण कायनेज नाही, आणि फॉस्फेट चढवून फॉस्फेटेजनं पुन्हा काढलेलं. तिसऱ्या नळीत पकड परत आली तरच फॉस्फेटचं नाव घ्यायचं. पेशीतून प्रथिन काढत असाल तर फॉस्फेटेज रोखणारी द्रव्यं पहिल्या मिनिटापासून घाला. नाहीतर बर्फावर ठेवलेल्या नळीतही खूण पुसली जाते, आणि वीज जाऊन फ्रीजर वितळला तर विचारायलाच नको. आणि एच१ जास्त झाला तर तो डीएनएसकट जेलच्या कप्प्यातच गोळा होऊन बसतो. त्याला 'घट्ट पकड' म्हणून मोजू नका.

सेरीनच्या जागी ग्लुटामिक आम्ल घातलं की फॉस्फेटचं सोंग पुरतं वठतं का?

अर्धंमुर्धं. ग्लुटामिकवर एकच ऋणप्रभार, फॉस्फेटवर जवळजवळ दोन, आणि आकारही वेगळा. जिथं नुसता प्रभार पुरतो तिथं जमतं, टेट्राहायमेनात जमलं. जिथं दुसरं प्रथिन फॉस्फेटला नेमका ओळखून धरतं तिथं बहुधा जमत नाही.

सांगलीच्या हळदीचा यात काही संबंध आहे का? व्हॉट्सअॅपवर आलं होतं.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिच्या गुणांसाठी, गुणसूत्रांसाठी नव्हे. २००४ मध्ये बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातल्या गटानं दाखवलं, की कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, पी३०० हे हिस्टोनवर असिटिल गट बसवणारं विकर रोखतं. तो असिटिल गट, फॉस्फेट नव्हे. शिवाय कर्क्युमिन नळीत कशालाही चिकटतं, पाण्यात टिकत नाही आणि पोटातून रक्तात फार थोडं जातं. दूध-हळद जरूर प्या, घशाला बरं वाटेल.

कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत यातलं काही दिसतं का?

फॉस्फेट दिसत नाही. त्याला ओळखणारी प्रतिपिंडं आणि त्यांची चमक दाखवणारा (फ्लुओरेसन्स) सूक्ष्मदर्शक लागतो. पण तो ज्या क्षणी चढतो तो क्षण दिसतो. लोणंदचा कांदा बाटलीच्या तोंडावर ठेवा, बूड पाण्याला टेकेल असा. तीन-चार दिवसांत मुळ्या येतात. सकाळी टोकं कापा, आम्लात जरा गरम करा, कार्मिन या लाल रंगात ठेवा, काचेवर घेऊन अंगठ्यानं दाबा. सोळा गुणसूत्रं. मध्यावस्थेतली पेशी सापडली की एवढं ध्यानात घ्या, की बऱ्याच वनस्पतींत या वेळी एच३ च्या दहाव्या सेरीनवरचा फॉस्फेट गुणसूत्रबिंदूच्या आजूबाजूला एकवटलेला असतो.

मध्यावस्थेत अडकलेल्या पेशी जास्त हव्या असतील तर कोल्चिसिन वापरतात. ते पेशीतले सूक्ष्मनलिकांचे धागे जुळू देत नाही, म्हणून विभाजन तिथंच थांबतं आणि फॉस्फेटही चढलेलाच राहतो. पावसाळ्यात आपल्याकडच्या कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी, तिच्या कंदात आणि बियांत हेच कोल्चिसिन असतं. ते जीवघेणं विष आहे. घरी कंद ठेचून प्रयोग करायचा नाही, आणि कास पठारावर जाऊन काही उपटायचं तर मुळीच नाही. प्रयोगशाळेतलं मोजलेलं द्रावण, हातमोजे घालून, तेही शिक्षक समोर असताना.

कार्मिनचा रंग फिका आला तर काचेवरच्या थेंबात लोखंडी सुई दोन-तीनदा फिरवा. लोहामुळे रंग गडद होतो. आमच्याकडे त्यासाठी एक गंजकी सुई कपाटात वेगळी ठेवलेली आहे, आणि दरवर्षी नवा शिपाई ती एकदा तरी फेकून देतो.